विजूदादाचं परमिट

आमच्या शेजारच्या विजू मोहितेला कुठल्याही गोष्टीचं साल विचारायचं नाही. त्याला साल आठवतच नाही. त्याला अल्बम आठवतात.

“विजूदादा, गेटला हा रंग कधी लावलास रे?”

“दुसऱ्या अल्बमच्या आधी.”

“आणि हात कधी मोडला होता तुझा?”

“तीन नंबरचा बेसवाला होता बघ, तेव्हा. तो दोनच रविवार टिकला. तेवढ्यात मोडला.”

एकदा रेशन कार्डाच्या रांगेत आम्ही दोघं मागेपुढे उभे होतो. खिडकीतल्या साहेबांनी त्याला विचारलं, या पत्त्यावर कधीपासून राहता? हा शांतपणे म्हणाला, “पहिल्या अल्बमच्या थोडं आधीपासून.” साहेबांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “भाई, वरस बोलो ने.” शेवटी साल मी सांगितलं. आम्ही सगळे एकाच वर्षी सोसायटीत राहायला आलो आणि मी तेव्हा आठवीत होते, म्हणून बरं!

तर अल्बम कसले? हेवी मेटलचे! हो, बडोद्यात. आमच्या सुभानपुऱ्यात, तेरा घरांच्या सोसायटीत, जिथे मोठ्यानं मिक्सर लावला तरी समोरून “शुं थयुं?” येतं, तिथे.

विजूदादा कोयलीच्या रिफायनरीत टेक्निशियन. त्याचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि आजोबा संस्थानच्या बँडात मोठा ढोल वाजवायचे, त्यामुळे आवाज आपल्या रक्तातच आहे असं त्याचं म्हणणं. केस खांद्याच्या खाली. कामावर जाताना ते सगळे हेल्मेटमध्ये कोंबायचा आणि परत आला की गेटपाशी हेल्मेट काढून मान अशी झटकायचा की आमच्या तुळशीवर घामाचं पाणी उडेल. घरोघरी केबल आली त्या वर्षी त्यानं टीव्हीवर पहिल्यांदा तो प्रकार पाहिला. काळे कपडे घातलेली माणसं, मागे आगीचे लोळ, धूर, लोखंडाचे खांब. दुसरा कुणी घाबरला असता. हा म्हणाला, “अरे, ही तर आपली नाइट शिफ्ट!”

मग त्यानं बँड काढला. नाव ‘फ्लेअर’. रिफायनरीच्या उंच चिमणीवर ती ज्योत जळत असते ना, आमच्या गच्चीवरून दिसते, तिला फ्लेअर म्हणतात. “मंजू, ती शोभेला नसते,” त्यानं मला समजावलं होतं. “पाइपात जास्तीचा गॅस झाला तर तो कुठेतरी जाळून टाकावा लागतो. नाहीतर फुटतं. माणसाचंही तेच. जास्तीचं जाळून टाकायचं.” एवढं बोलून त्यानं गिटारची तार अशी ओढली की आमचा कुकर शिट्टी द्यायचा थांबला, असं आई अजून सांगते.

आता खरी गंमत ऐका. रिफायनरीत साधं वेल्डिंग करायचं तरी आधी परमिट काढावं लागतं. काम काय, कुठे, किती ते किती, धोका काय, खबरदारी काय, आणि आजूबाजूच्या सगळ्यांच्या सह्या. त्याशिवाय कुणी काडी ओढत नाही. विजूदादानं तेच सोसायटीत आणलं! दर रविवारी दुपारी तीन वाजता इस्त्रीचा शर्ट घालून, क्लिपबोर्ड घेऊन, कानाला पेन लावून तो बारा घरं फिरायचा.

काम: प्रॅक्टिस. जागा: मोहिते यांचा हॉल. वेळ: चार ते सहा. धोका: आवाज. खबरदारी: कापूस दिला.

आणि खरंच कापूस द्यायचा. प्रत्येक सहीमागे दोन बोळे. पहिली सही नेहमी माझी, कारण आमचं घर भिंतीला भिंत. मी म्हणायचे, “दादा, सही नाही केली तर?” तो गंभीर व्हायचा. “तर आज प्रॅक्टिस नाही. सही नाही तर ठिणगी नाही.” मी एकदा मुद्दाम नाही केली. तो खरोखर परत गेला. ड्रमवाला जिग्नेश दारातून सामान घेऊन माघारी गेला. मला इतकं वाईट वाटलं की साडेचारला मीच धावत जाऊन सही करून आले. त्यानं घड्याळ बघितलं आणि वेळेच्या रकान्यात “साडेचार ते सहा” अशी दुरुस्ती केली. साडेसहापर्यंत वाढवून नाही घेतली. प्रोसिजर म्हणजे प्रोसिजर!

दुसरी सही कांतामासीची. कांतामासी त्याच्या पलीकडच्या घरात. भजनमंडळाच्या पुढारी, कांदासुद्धा न खाणाऱ्या. विजूदादानं आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना लावायला रिक्षा भरून अंड्यांचे ट्रे आणले, त्या दिवशी मासी रस्त्यातच आडव्या उभ्या राहिल्या.

“विज्या, इतकी अंडी कोण खाणार?”

“मासी, अंडी नाहीत. नुसते ट्रे. रिकामे.”

“पण अंदर अंडी बेसली होती ने?”

रिक्षा परत गेली. संध्याकाळी मासी स्वतः सहा जुन्या गोदड्या घेऊन आल्या. तेव्हापासून बडोद्यातला सगळ्यात भयंकर बँड गुलाबी फुलांच्या गोदड्या लावलेल्या खोलीत वाजत आला आहे. आणि कापूस? मासींनी एकदाही कानात घातला नाही. त्या बोळ्यांच्या वाती वळून त्या देवापुढे लावायच्या. बारा महिने त्यांच्या कृष्णापुढचा दिवा हेवी मेटलच्या कापसावर जळायचा.

प्रत्येक अल्बमची कॅसेट विजूदादा बाराही घरांत वाटायचा. वरचं कव्हर हातानं लिहिलेलं, रिफायनरीच्या पाइपांवर असतात तशा चौकोनी अक्षरांत. पहिला अल्बम ‘शटडाऊन’, दुसरा ‘लाल वायर’, तिसरा ‘शून्य दाब’, चौथा ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’, पाचवा ‘शेवटची शिफ्ट’. आत मेंबरांची नावं. मासींनी ‘लाल वायर’वर भजनं भरून घेतली. पण भजनं संपली तरी टेप उरली. मंडळात कॅसेट लावली, आरती झाली, सगळ्या बायका डोळे मिटून शांत बसलेल्या आणि आतून विजूदादा ओरडला! दोघीतिघी उठून उभ्या राहिल्या. मासी म्हणे न हलता बोलल्या, “बेसा, बेसा. ए तो आपणो विजू छे.”

शब्द मात्र कुणाला कधी कळले नाहीत. तो गात नाही, पोटातून गुरगुरतो. मी विचारलं की म्हणायचा, “शब्द नाही ऐकायचे. दाब ऐकायचा.”

त्यांचा एकुलता एक जाहीर कार्यक्रम मांडवीकडच्या एका गणेश मंडळात झाला. मंडळाला वाटलं ऑर्केस्ट्रा आहे, दोन भक्तिगीतं, दोन भावगीतं होतील. संध्याकाळी पाचची वेळ, पुढे खुर्च्यांवर आजोबा लोक. विजूदादानं पहिलीच तार छेडली, डोळे मिटले आणि सगळं अंग हलवत मान गदागदा झटकायला लागला. तोंडातून तो आवाज. दहा सेकंद सगळे बघत राहिले. मग कुणीतरी किंचाळलं, “शॉक लागला! शॉक लागला!” एकानं मेन स्विच पाडला. आणि मुकुंद नावाचा कार्यकर्ता मांडवाचा उरलेला बांबू घेऊन स्टेजवर चढला आणि त्यानं विजूदादाला अस्सा ढोसला की हा गिटारसकट फुलांच्या टोपल्यांत.

मला वाटलं आता भांडण होणार. विजूदादा उठला, केसांतली झेंडूची पाकळी काढली आणि मुकुंदचा हात हातात घेतला. “शाब्बास. कोरडं लाकूड. आधी मेन स्विच, मग बांबू. एकदम प्रोसिजर. बेस वाजवशील का?”

तो झाला चार नंबरचा बेसवाला. मुकुंदला तोवर फक्त ताशा यायचा.

तसा बँड कधी भरलेला राहिलाच नाही. पहिला बेसवाला सुधीर. त्याला मस्कतची नोकरी लागली, तो पेढे घेऊन आला. मी तिथेच होते. विजूदादानं पेढा घेतला, अभिनंदन वगैरे काही नाही. कानाचं पेन काढून विचारलं, “किती तारखेला?” सुधीरनं तारीख सांगितली. यानं बोटं मोजली. “म्हणजे पाच रविवार.” आणि दुसऱ्या दिवसापासून अल्बमची धावपळ. मग दुसऱ्या बेसवाल्याची, परागची, नाशिकला बदली झाली. “किती तारखेला?” मुकुंदला भुजला बँकेत नोकरी लागली. “किती तारखेला?” मला तेव्हा राग यायचा. म्हटलं, माणूस चाललाय आणि याला अल्बमची पडलीय!

शेवटी जिग्नेश. पहिल्या दिवसापासूनचा ड्रमवाला, अमेरिकेत काकाच्या मोटेलवर गेला. सात रविवार मिळाले. ‘शेवटची शिफ्ट’ झाली आणि बँडमध्ये विजूदादा एकटा उरला. घरातही एकटाच. मोहितेकाकू, म्हणजे त्याची आई, तिसऱ्या अल्बमच्या सुमाराला गेल्या. बघा, मीपण आता त्याच्यासारखंच बोलायला लागले! काकू असताना रोज सकाळी एक ठरलेला सीन असायचा. हा सहाच्या शिफ्टला स्वतःचा चहा करून निघायचा, स्कूटरला किक मारायचा आणि वरून गॅलरीतून काकू ओरडायच्या, “विजूऽऽ, गॅस बंद केलास काऽऽ?” अख्खी सोसायटी हसायची. दिवसभर प्लांटचा गॅस सांभाळणारा माणूस! तो वर न बघता हात हलवायचा.

जिग्नेश गेल्यावरही रविवारी तीन वाजता विजूदादा यायचा. इस्त्रीचा शर्ट, क्लिपबोर्ड, कापूस. मी सही करायचे. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा, मग इंटरव्ह्यू, माझं लक्षच नव्हतं. लक्ष होतं ते कांतामासीचं.

एका रविवारी मी त्यांच्या ओट्यावर बसून भाजीची वालपापडी मोडू लागत होते. विजूदादा आला.

“मासी, सही.”

“नहीं करूं.”

त्याला वाटलं चेष्टा आहे. त्यानं पेन पुढे केलं. मासींनी हात पदराला पुसले पण पेन घेतलं नाही.

“चार महिन्यांपासून सही करूं छूं, विज्या. अवाज क्यां छे?”

विजूदादा पेनाचं टोपण लावायला लागला.

“काम नाही, तर परमिट शानुं? खोटी सही मी नाही करणार. आ ले, तारो कापूस पण ले.” आणि त्यांनी दोन बोळे त्याच्या क्लिपबोर्डवर ठेवले. नऊ वर्षांत पहिल्यांदा!

मी हातातली पापडी तशीच धरून बसले. खरंच की! चार महिने रविवारी भिंतीपलीकडून काहीच आलं नव्हतं, आणि भिंतीला भिंत असलेल्या मला ते कळलंसुद्धा नव्हतं.

“दादा, मग चार ते सहा करतोस काय?”

“गिटार पुसतो.” तो क्लिपबोर्डकडे बघत म्हणाला. “तारा चेक करतो. सहा वाजले की कुलूप लावतो.”

“मग सह्या कशाला घेतोस?”

“अगं, बंद केलं की लोकांची सवय मोडते. परत सुरू केलं तर ओरडतील.” त्यानं पेन परत कानाला लावलं. “आणि बारा घरं फिरलो की तीन वेळा चहा होतो.”

मासी एकदम पापडीत मान घालून बसल्या.

आता मला एक गोष्ट सांगायची होती आणि मी ती आठ दिवस टाळत होते. आमच्या घरून पेढे सगळीकडे गेले होते, फक्त विजूदादाकडे मी नेले नव्हते. का, ते मलाच नीट माहीत नव्हतं. ती वेळ अगदीच चुकीची होती, पण मी अशीच आहे, तोंडातून निघूनच गेलं.

“दादा, मला पुण्याला नोकरी लागली.”

त्यानं मान वर केली. हात कानाकडे गेला. पेन काढलं.

“किती तारखेला?”

“सतराला.”

बोटं मोजली. “म्हणजे तीन रविवार.”

“अरे पण मी कुठे बँडमध्ये आहे? मला काही वाजवता येत नाही!”

तो माझ्याकडे असा बघत राहिला जसं काही मी पाइप आणि टाकी यातला फरक विचारला. “मंजू, नऊ वर्षं दर रविवारी पहिली सही कुणाची? तू नाही केली तेव्हा झाली होती प्रॅक्टिस?”

मासींनी मध्येच विचारलं.

“ड्रम कोण वगाडशे?”

विजूदादाला हे सुचलंच नव्हतं. त्याचा चेहरा पडला. मासी उठल्या, आत गेल्या आणि भजनमंडळाचा ढोलक घेऊन बाहेर आल्या. मग खाली बसून त्यांनी क्लिपबोर्ड ओढला, सही केली आणि कापसाचे दोन्ही बोळे उचलून कमरेला खोचले.

त्या संध्याकाळी मी पाचही कॅसेटी काढून ओळीनं मांडल्या. ‘शटडाऊन’, सुधीर गेला. ‘लाल वायर’, पराग. ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’, मुकुंद. ‘शेवटची शिफ्ट’, जिग्नेश. तीन नंबरचा बेसवाला न सांगता पळाला, त्याचा अल्बम नाही. कुणी जायचं ठरलं की अल्बम! हे मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. पण मग तिसरा? ‘शून्य दाब’च्या वेळी तर बँडमधलं कुणीच गेलं नव्हतं. मी कव्हर उघडलं. गिटार आणि गळा, विजू मोहिते. ड्रम, जिग्नेश. आणि खाली त्याच चौकोनी अक्षरांत, चहा, आई. शाळेत असताना हे वाचून मी खो खो हसले होते.

सहावा अल्बम तीन रविवारांत झाला. त्याच्याबद्दल मी काय सांगू! मासींना ठेका एकच येतो, भजनाचा, आणि तो त्या हळूहळू वाढवत नेतात. विजूदादा त्याच्यामागे धावत होता. दर पाच मिनिटांनी मासी थांबून विचारायच्या, “बराबर?” आणि तो घाम पुसत म्हणायचा, “मासी, जरा दाब कमी.” पपांनी खिडकीत बसून सगळं ऐकलं, कापूस न घालता. सोळा तारखेला मला कॅसेट मिळाली. कव्हरवर लिहिलं होतं: गिटार आणि गळा, विजू मोहिते. ढोलक, कांतामासी. सही, मंजिरी.

सहाही कॅसेटी घेऊन मी पुण्याला आले. सहावीतलं शेवटचं गाणं सगळ्यात भयानक आहे. ढोलक थांबतो, गिटार थांबते आणि तो नुसता गुरगुरत राहतो. पहिले दोन रविवार वॉकमनवर ऐकलं, काही कळलं नाही. तिसऱ्या रविवारी दुपारी मी हट्टाला पेटले. परत मागे, परत ऐक, परत मागे. रूममेट म्हणाली, तुला बरं नाहीये का? मी तिच्या हातात कापसाचे दोन बोळे ठेवले. आणि मग एकदम, धूर बाजूला व्हावा तसे शब्द दिसले.

“पोचलीस की फोन कर.”

एवढंच. तीनदा. राक्षसाच्या आवाजात.

मी ताडकन उठून बसले. पहिली कॅसेट काढली, शेवटचं गाणं लावलं. आता कान तयार झाला होता. “उन्हात टोपी घाल, सुध्या.” चौथी. “मुकुंद, भुजला पाणी उकळून पी.” आणि मग मी तिसरी घातली. बराच वेळ नुसता गिटारचा एकच स्वर, आणि त्याच्याखाली तो, अगदी खालून,

“गॅस बंद केलाय, आई. गॅस बंद केलाय.”

मी तशीच चप्पल घालून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर पळाले. विजूदादाचा नंबर लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. मग घरी लावला. पपांनी उचलला.

“पपा, विजूदादा कुठाय? फोन का उचलत नाही?”

“काय? मोठ्यानं बोल!”

“विजूदादाऽऽ!”

“थांब, हे ऐक,” पपा म्हणाले, आणि त्यांनी रिसीव्हर खिडकीबाहेर धरला.

बूथमध्ये तो आवाज असा आला की मालकानं पेपर खाली केला. तोच गुरगुराट, तीच तार, आणि खाली मासीचा ढोलक, वाढत वाढत चाललेला, कुणाच्या बापाला न ऐकणारा. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ओरडले, “विजूदादा, पोचले! पोचले मी!”

“कोण पोचलं?” पपा परत आले. “अगं, तुला जाऊन तीन आठवडे झाले ने.”

“तुम्ही जाऊन त्याला एवढंच सांगा. मंजू पोचली. लगेच जा.”

“सहा वाजता सांगतो,” पपा म्हणाले. “आत्ता कसं जाणार? परमिट चालू आहे.”